चार बोटांचे पप्पा

गुरु. ८ जाने.
पप्पांना सुट्टी. त्यांना स्वराची वेणी घालायला बसवलं आणि समोर बसून त्यांचे हात कागदावर काढले. फायनल इयरच्या प्रोजेक्टला लहान मुलांचं चित्रांचं पुस्तक. गोष्ट घरातलीच: आई पहाटेच पुनावळ्यातल्या सोसायट्यांमध्ये पोळ्या करायला जाते, म्हणून चाकणच्या कंपनीची बस यायच्या आत पप्पा धाकटीची वेणी घालतात. म्हणाले, "नखं काळी नको दाखवू गं, लोक काय म्हणतील." काळीच दाखवणार.

मंगळ. १३ जाने.
गाइड मॅडमनी पानं परत केली. हात गिचमिड दिसतात म्हणे. "मुलांच्या पुस्तकात चारच बोटं काढतात. अंगठा आणि तीन. मोजतंय कोण?" सगळी पानं पुन्हा. डोकं उठलं. सुटसुटीत दिसतं खरं, पण ते कबूल करायला जिवावर येतं.

शनि. १७ जाने.
आईनं पानं पाहिली. "ह्या हाताला चारच बोटं हायत की." म्हटलं, तशी पद्धत असते. "जित्या माणसाचं अंग कमी दाखवू नाही. गावाकडं मूर्तीचं बोट मोडलं तर पूजत नाहीत आपण, आन् तू बापाचं कमी करायलीस?" मी हसले. स्वराही हसली. आई पीठ मळत बसली.

मंगळ. २० जाने.
कंपनीत पत्रा दाबायच्या प्रेसमध्ये पप्पांचा हात आला. उजव्या हाताचं मधलं बोट. मुळापासून.
दवाखान्यात सुपरवायझर सगळ्यांना सांगत होता, "घाई केली राव ह्यांनी." शेजारच्या मशिनवरच्या शिंदेकाकांनी मला जिन्यात गाठलं. हात आत असला की प्रेस थांबवणारा सेन्सर कंपनीनंच बंद ठेवला होता, माल जास्त निघावा म्हणून. साहेबांपुढे मात्र काका मिठाची गुळणी धरून. कोणाचा गळा धरावा कळेना.

शुक्र. २३ जाने.
पप्पा घरी. आई तीन दिवस माझ्याशी बोलली नव्हती. आज बोलली. "सांगितलं व्हतं तुला." एवढंच.
सेन्सर कंपनीनं बंद केला, मी नाही. हे स्वतःला दहादा सांगितलं. पण ती चार बोटं आधी मी काढली होती. पानं कपाटावर फेकली.

गुरु. २९ जाने.
पप्पांनी पानं मागितली. नको म्हटलं, ऐकेनात. डाव्या हातानं एकेक उलटलं. स्वतःच्या चित्रातली बोटं मोजली. मग आईची, स्वराची, बसच्या ड्रायव्हरचीसुद्धा.
"सगळ्यांची चारच काढलीस व्हय?"
मी हो म्हटलं.
"मग काही वाटत नाही." आणि पान तोंडासमोर धरून रडले. त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. मी तिथून उठून गेले, तेच चुकलं.

सोम. ९ फेब्रु.
कंपनीनं बोलावलं. वाटलं होतं आता स्टोअरमध्ये बसवतील. पण पुन्हा त्याच प्रेसवर. आई म्हणाली, नका जाऊ. "दुसरं काय येतंय मला?" मी विचारलं, सेन्सर चालू केलाय का? बूट घालत म्हणाले, "बघू." डाव्या हातानं नाडी जमेना, आईनं बांधून दिली.

मंगळ. १० फेब्रु.
उद्या सबमिशन. एक पान सोडून सगळं झालं. संध्याकाळी पप्पा दारात, स्वरा त्यांच्याकडे धावतेय. स्वरा रंगवून झाली, दार, चपला, पप्पांचा शर्ट, चेहरा. हात राहिलेत. पेन्सिल टेकवते आणि उचलते. शिकलेली म्हणवते स्वतःला आणि स्वतःच्याच चित्राला भिते.
मॅडमचा मेसेज, झालं का? आईनंही ओट्यापासून विचारलं. नाही म्हटलं. ती गॅस बंद करून दारात जाऊन उभी राहिली.
बस एव्हाना यायला हवी होती.
पप्पा आले की आधी त्यांचे हात बघीन, मग काढीन.