डोंबिवली पूर्वचा एकतीस फुटी रावण

१४ सप्टेंबर, रविवार
साडूंचा फोन. प्रशांतराव माजिवड्याला एकतिसाव्या मजल्यावर राहतात आणि ते हे दर फोनमध्ये सांगतात. म्हणाले, "दिवाळीला या. आमच्या बाल्कनीतून अख्ख्या ठाण्याचे फटाके दिसतात. डोंबिवलीत काय आहे बघण्यासारखं?" योगिनी हसली. बायकोने साडूच्या विनोदाला हसू नये.
निर्णय: यंदा दसऱ्याला आपल्या सोसायटीत रावणदहन. प्रशांतरावांनी गाडी काढून बघायला यावं असं. उंची एकतीस फूट. आकडा सहज सुचला.

१६ सप्टेंबर
सोसायटीची मीटिंग. चेअरमन दगडू भोईर यांनी विचारलं, "परबसाहेब, तुम्हाला रावण येतो का?" मी म्हणालो, कॉलेजात असताना माझ्या आकाशकंदिलाला दुसरं बक्षीस मिळालेलं. स्पर्धक किती होते हे त्यांनी विचारायला नको होतं. दोन.
ठराव मंजूर. विरोध नाही. उत्साहही नाही, पण तो येईल.

२१ सप्टेंबर
बांबू आले. रावण पार्किंगमध्ये आडवा बांधतोय. दहा डोकी तयार, पंख्यांच्या खोक्यांची. रात्री योगिनीने विचारलं, माझी पिवळी साडी कुठेय? मी म्हणालो, रावण राजा होता, त्याला पीतांबर लागतं. विषय संपला. जेवणही.

२५ सप्टेंबर
चेहरा रंगवला. शिवानी कॉलेजातून आली आणि म्हणाली, "बाबा, सेम टू सेम तुम्ही." आजच्या मुलांना नजरच नाही.
संध्याकाळी वॉचमनने रावणाला "काय साहेब, झोपलात?" विचारलं. त्याचे डोळे तपासून घ्यायला हवेत.

२८ सप्टेंबर
डोक्यांची रुंदी चौदा फूट. पार्किंगच्या दोन खांबांमधलं अंतर दहा. आधी मोजायला हवं होतं, असं सगळे आत्ता म्हणतात. कलाकार टेप घेऊन फिरत नाही. तीन डोकी काढली. भोईर म्हणाले, "दहा होती ना?" मी म्हणालो, उरलेली मागच्या बाजूला आहेत असं समजा.
वर केबलच्या वायरी असल्यामुळे पायही कापावे लागले. आता उंची एकोणीस. रावण गुडघ्यापर्यंत जमिनीत आहे असं धरलं तर एकतीस.

२ ऑक्टोबर, दसरा
५.३० – दोनशे माणूस! प्रशांतराव आणि मेव्हणी सोनल चारला निघालेत. ते आल्याशिवाय बाण सुटणार नाही, असं माईकवर जाहीर केलं.
६.१५ – ते शीळफाट्याला, ट्रॅफिकमध्ये.
६.४० – ते शीळफाट्याला. ढग आलेत. भोईर म्हणाले, उरकून घ्या. मी म्हणालो, ढग पनवेलकडे जाणार. मला आभाळ कळतं.
६.५० – पाऊस.
७.०५ – बाण सोडला. रावणाच्या फक्त मिशा जळल्या. पोटातले सुतळी बॉम्ब एकदा "फुस्स" म्हणाले. लहान मुलं हसली. मोठीही.
८.०५ – प्रशांतराव पोहोचले. मी रावणाशेजारी भिजत उभा. त्यांनी विचारलं, "दोघांतला रावण कोणता?" अंधारात गैरसमज होतो. श्रीखंड खाऊन गेले.

९ ऑक्टोबर
रावण अजून उभाच आहे. कोणी हटवत नाही म्हणून नाही, त्याला वाळायला वेळ लागतोय म्हणून. ऊन छान पडतंय. तळमजल्यावरच्या कलावतीबाई त्याच्या डाव्या हातावर गोधडी वाळत घालतात. पार्सलवाले पत्ता विचारत नाहीत, "रावणापाशी आलोय" म्हणून फोन करतात. ही प्रसिद्धीच.
भोईरांनी नोटीस लावली: पुतळा हटवावा. मी खाली लिहिलं: लक्ष्मीपूजनाला, रात्री आठ वाजता, भव्य दहन.

१२ ऑक्टोबर
प्रशांतरावांना आमंत्रण दिलं. म्हणाले, "विश्रामराव, ह्या जन्मात मी शीळफाटा बघणार नाही." ठीक. मी स्वतः जाऊन त्यांना आणणार. माणूस शेजारी असला की ट्रॅफिक जाणवत नाही.

२१ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन
२.०० – रिक्षाने निघतोय. रावण कडकडीत वाळलाय. पोटात नवे फटाके भरले. सोसायटीतली मशाल आणि काडेपेटी माझ्या पिशवीत. माझ्याशिवाय पेटणार नाही.
४.१५ – माजिवडा. प्रशांतराव नाही म्हणाले. बाल्कनी दाखवली. मी खाली बघितलं नाही. शेवटी सोनलने मध्यस्थी केली: "जा हो एकदाचे, नाहीतर हे इथेच राहतील." तयार झाले.
६.४० – त्यांच्या गाडीत. शीळफाटा. वेळ भरपूर आहे.
७.१० – शीळफाटा. प्रशांतरावांनी रेडिओ मोठा केला. मी तीन विषय काढून बघितले.
७.२५ – शिवानीचा फोन. किंचाळत होती. मला वाटलं अपघात. ३०२ मधल्या प्रेमचं रॉकेट आडवं गेलं आणि रावणाच्या काखेत शिरलं. म्हणाली, "बाबा, सातही डोकी एकेक करून फुटली! शेजारच्या तीन बिल्डिंगा गच्चीवर आल्या! लोक रडतायत, इतकं भारी!" कोणाला लागलं नाही. मागून योगिनीचा आवाज येत होता, "वन्स मोअर!" लग्नाला चोवीस वर्षं झाली. हा आवाज मी पहिल्यांदा ऐकला.
७.३० – व्हिडिओ आला. प्रशांतरावांनी स्टिअरिंगवर मोबाइल ठेवून तीनदा बघितला. "वा! मानलं बुवा. खरंच बघण्यासारखं." मग म्हणाले, "बघून झालं. यू-टर्न घेऊ?"
मला फाट्यावर उतरवलं. चालत निघालो. मधे रिक्षा मिळाली.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज
सोसायटीच्या आवारात प्रेमचा सत्कार. शाल, श्रीफळ, टाळ्या. भोईर भाषणात म्हणाले, असं दहन उभ्या डोंबिवलीत झालं नाही. पुढच्या वर्षीची जबाबदारी प्रेमकडे. मी पहिल्या रांगेत बसलेलो, इस्त्रीचा कुर्ता घालून. दोन शब्द तयार होते.
मग भोईरांनी माईकवरून माझं नाव पुकारलं. मी उठलो. पायऱ्या चढलो. माईक बाजूला धरून त्यांनी हळूच विचारलं, "परबसाहेब, ती राख कधी उचलताय?"