धुराची चव

अक्का,

आज तुझी आठवण आली म्हणून नाही, तुझा राग आला म्हणून लिहायला बसले आहे. मेलेल्या बहिणीवर रागावू नये म्हणतात. मग कोणावर रागावू?

दुपारी जळगावला कार्यक्रम होता. पर्यावरणाला जपणारे धंदे करणाऱ्यांचा सत्कार. मलाही बोलावलं होतं! स्टेजवर एकेकाला विचारत होते, प्रेरणा काय? सोनगीरचा एक पत्रावळीवाला सरळ म्हणाला, "नोकरी लागनी नही, म्हनीसन सुरू कयं." लोक हसले. मी मात्र शहाण्यासारखी बोलले. शेतकरी कपाशीच्या वाळक्या काड्या, पऱ्हाट्या, बांधावर जाळतात, हवा खराब होते, म्हणून मी त्या पऱ्हाट्यांचा कांडी कोळसा करते, निसर्गाचं देणं वगैरे. टाळ्या पडल्या. शाल मिळाली.

कसलं निसर्गाचं देणं गं!

हिवाळा आला की तू पाचोऱ्याच्या मळ्यामळ्यांतून भरीत पार्ट्यांची वांगी भाजत फिरायचीस. पाहुणे वारा बघून खाटा टाकायचे, धूर अंगावर नको म्हणून. तो सगळा तुझ्या तोंडावर. आणि वर म्हणायचे, वा, अक्काच्या हाताला काय चव आहे! हाताची कुठली, ती पऱ्हाटीच्या धुराची. "धूर शे म्हनीसन चव शे, बावळी," असं तूच मला सांगायचीस आणि पदर तोंडावर धरून खोकायचीस.

का लपवलास तो खोकला? छातीचा फोटो बघून डॉक्टरांनी विचारलं, बिडी किती ओढता? तू हसून म्हणालीस, "बिडी नही हो साहेब, भरीत." त्यांना काही कळलं नाही. मला कळलं, पण तोवर तुला अंगणही ओलांडवत नव्हतं. शेवटी तर बोलताही येईना. डोळे मोठे करून नुसता श्वास ओढायचीस. तो आवाज अजून माझ्या कानांतून जात नाही.

तुझ्या दहाव्याच्या आदल्या दिवशी एका मळ्याच्या मालकांचा फोन आला. "अक्का गेल्याचं कळलं, फार वाईट झालं. पण रविवारची वांगी आता कोण भाजणार?"

बस. माझा धंदा त्या फोनने सुरू झाला. बिनधुराचा कोळसा करीन आणि ह्यांना त्याच्यावरचं भरीत खायला लावीन, असं मी तेव्हा मनाशी म्हटलं. हे स्टेजवर कसं सांगू?

खाल्लं का त्यांनी? एकदा खाल्लं. दुसऱ्यांदा म्हणाले, चव नाही. माझा कोळसा आता हॉटेलवाले नेतात, चहाच्या टपऱ्यांवर जातो. भरीतवाला एकही नेत नाही.

शाल घेऊन घरी आले तर तुझी नलू घरात नव्हती. तू गेल्यापासून पोर माझ्याकडेच असते. दिवेलागणीला आली. केसांना धुराचा वास, डोळे लाल. त्याच फोनवाल्या मालकांच्या मळ्यात गेली होती, तुझ्या जागी बसायला. वांगी ठेचायची तुझी ती लाकडी बडगी काखोटीला मारून!

मी ओरडले. तर म्हणते, "मावशी, तुन्या कोळसावर चव येत नही, लोके म्हनतस. मायनी बी हाईच कयं ना?" आणि खोकली. ओढणी तोंडावर धरून. मग माझ्याकडे बघून हसली, हुबेहूब तुझ्यासारखी.

एवढंच शिकवून गेलीस का गं तिला?

रविवारी त्या मळ्याचं पुन्हा बोलावणं आहे. नलू जाणार नाही, मी जाणार आहे. कोळसा नेणार नाही. त्यांना हव्या तशा पऱ्हाट्याच पेटवीन. फक्त आधी त्यांना खाटा टाकू देईन, मग वारा बघून जाळ लावीन. भरीत होईपर्यंत त्यांनी त्या धुरात बसावं. नंतर पहिला घास वाढताना विचारीन, चव कशी आहे?

उठून गेले तर जाऊ देत. नलूच्या छातीतून तुझा आवाज मला ऐकायचा नाही. हा शब्द देते तुला.

तुझी धाकटी,
शोभा