उघडी ट्रंक

लोहा

संग्रहालयाच्या साहेबांना साखराबाईचा रामराम.

माझे मालक फौजी होते. ते गेल्यावर त्यांची ट्रंक तुम्ही जवानांच्या संग्रहालयासाठी मागितली. एवढ्या मानाच्या जागी गंजकी कशी द्यावी, म्हणून मी तिला निळा रंग मारला. त्यात वरचं त्यांचं नाव अन् नंबर बुजला. तुम्ही रागावला न्हाईत. झाकणाच्या आत त्यांच्या हातचं 'सटवाजी, लोहा' तेवढं राहिलं होतं. तुम्ही ट्रंक उघडीच मांडली. म्हणलात, "मावशी, बिजागरी अडकलीय, झाकण लागत नाही."

काल कुणाचं लक्ष नव्हतं तवा मी झाकण लावून पाहिलं. अलगद लागलं. परत उघडून ठेवलं.

लई उपकार हायेत तुमचे. पण हे पत्र टाकणार न्हाई. बिजागरी अडकलेलीच राहू द्या.

सटवाजीची साखरा