दत्ताच्या वाडीवरून जाणारी वाट

३० नोव्हेंबर, रविवार
सायकलवर एकटाच गेलो. पाटोदा सोडलं तेव्हा उजाडत होतं. अभयारण्याच्या फाट्यावर उगाच थांबलो, सवयीनं. कोण येणार होतं?
मागच्या हिवाळ्यापर्यंत आम्ही तिघं असायचो. दत्ता पुढं, विष्णू मधे, मी शेवटी धापा टाकत. इलेक्शनपासून ते दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. दोघांचे समाज वेगळे, आणि आता गावागावात तेवढंच उरलंय. मी वाण्याचा, कुणाच्यातच नाही. दोघांशी बोलतो. दोघांनाही वाटतं, आप्पा तिकडचाच.
गवत पार वाळलं. कुसळं मोज्यात. मोर रस्त्यातच उभे, घंटी वाजवली तरी हलेनात.
सौ. म्हणाली, "एकटे कावून जाता? पडलात तर उचलायला कोण हाय?"

३ डिसेंबर
पुण्याहून फोन. सायकलवाल्यांचा ग्रुप आहे, जानेवारीत यायचं म्हणतात. "तुमची ती मोरांची वाट करायची आहे."
आमची. तिघांनी रविवारी रविवारी भटकून जोडलेली. फाट्यावरून अभयारण्याच्या कडेनं चढ, वर पठार, मग दगडांचा उतार आणि खाली दत्ताची वाडी. तिथं जेवण. पलीकडच्या टेकड्या ओलांडून विष्णूच्या शेतात मुक्काम. दुसऱ्या दिवशी सौताड्याची दरी बघून परत. बाहेरच्या कितीतरी लोकांना फिरवून आणलं.
कळवतो म्हणालो. पण दत्ताकडं जेवण नाही, विष्णूकडं मुक्काम नाही, मग त्या वाटेत राहतं काय? दगड.
तरी मनात आलं, पाहुण्यांच्या निमित्तानं जमलं तर...

५ डिसेंबर
शाळा सुटल्यावर विष्णूला गाठलं. पोरं गेली होती, तो फळा पुसत होता. मी विषय काढला.
"त्याच्या वाडीवर जेवायला? मी?"
"पाहुणे असतील. तू गप बस फक्त."
"आप्पा, आमच्या रम्याचं हाटेल फोडलं तवा दत्ताचा पुतण्या व्हता त्यात. व्हिडिओ हाय माझ्याकडं. बरं, पोरगं हाय, जाऊ दे. पण दत्ता? माझा भाऊ डोकं बांधून बसलाय, कढई रस्त्यावर पडलीय, तेल वाहतंय. आन् ह्याची वाडी तिथून गाडीनं धा मिन्टावर. विचारायला सुदीक आला न्हाई बे."
पुसलेला फळा त्यानं पुन्हा पुसला.

७ डिसेंबर, रविवार
पठारावरून उतरून वाडीवर गेलो. अर्धी वाडी ऊसतोडीला गेलेली, दारं बंद. दत्ताची माय आजारी आहे हे ऐकून होतो, एवढी असेल असं वाटलं नव्हतं. पांघरुणाखाली माणूस आहे हेच कळेना.
मला ओळखलं. म्हणाली, "इस्नू कुटाय?"
"परीक्षा चालू हायेत, माय. शाळेत हाय."
"आयतवारी?"
मी पांघरूण सारखं केलं.
"हात नीट झाला का त्याचा?"
विष्णू उतारावर पडला होता त्याला बरीच वर्षं झाली. गळपट्टीचं हाड मोडलं होतं. हिनं नेसत्या लुगड्याचा पदर फाडून हात गळ्यात बांधला, दवाखान्यापर्यंत टेंपोत त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली. डॉक्टरनं विचारलं तुम्ही कोण, तर म्हणाली, माय.
"झाला," म्हणालो. "चांगला झाला."
दत्ता बाहेर म्हशीला पाणी दाखवत होता. मीच बोललो. रम्याच्या हाटेलाचं. त्यानं बादली खाली ठेवली. मग म्हणाला, "मी निघालतो. चुलत्यानं गाडीची चावी काढून घेतली. म्हणला, गेलास तर या वाडीत परत येऊ नको."
"सायकल होती की."
माझ्याकडं बघितलं त्यानं. "व्हती," म्हणाला.
बोलायला नको होतं. येताना चढ चालत चढलो.

१५ डिसेंबर
दत्ताची माय गेली. पहाटे.
मेडिकलचं दुकान बंद ठेवून गेलो. जाण्याआधी विष्णूला फोन केला. "हूं," एवढंच. मागं रम्याचा आवाज येत होता, कोण गेलं, कोण गेलं. विष्णूनं त्याला सांगितलं नाही. फोन ठेवला.
चितेजवळ लोक खूप. दत्ता प्रत्येक नव्या माणसाकडं मान वर करून बघायचा आणि परत खाली. मला ते बघवेना.
संध्याकाळी पुण्याच्या लोकांना नाही म्हणून कळवलं. दुसरी एखादी वाट सुचवा म्हणाले. सुचवली नाही.

१९ डिसेंबर
दुकानात गर्दी होती. विष्णू येऊन स्टुलावर बसला. गिऱ्हाईकं संपेपर्यंत खोकल्याच्या औषधाचं खोकं वाचत होता.
मग, "दहाव्याला यायचं म्हणतो."
"चल की."
"रस्त्यानं न्हाई. वाडीच्या तोंडाला सगळे बसलेले असतेत. आपल्या वाटेनं जाऊ. वरून."
"घरी?"
"घरी न्हाई सांगितलं. रम्या म्हणतो, त्यांच्यातलं कुणी मेलं तर आपल्याला काय." थांबला. "त्याचं बी चुकतं असं न्हाई म्हणत मी. टाके त्याला पडलेत."
सायकलला वर्षभर हात लावला नव्हता म्हणाला. दोन्ही चाकांत हवा नाही. मी म्हणालो आणून टाक, मी बघतो.

२४ डिसेंबर
आज दहावा.
फाट्यावर विष्णू माझ्या आधी आलेला. पांढरा शर्ट, पांढरी टोपी खिशात. चढावर त्याचा दम पुरेना. दोनदा उतरला. पुढं कुणीच नाही, त्यामुळं वेग कसा धरायचा हे दोघांनाही कळत नव्हतं. एरवी दत्ताच्या मागच्या चाकाकडं बघत चढायचो.
पठारावर वारा. विष्णू माय कशी गेली ते विचारत राहिला. झोपेत गेली का. कुणाचं नाव घेतलं का. मी सांगितलं, तुझी आठवण काढली, हाताचं विचारलं. तेव्हा तो सायकल धरून चालायला लागला.
उतार सुरू होतो त्या टेकाडावरून खालचा ओढा दिसतो. माणसं जमलेली, मुंडण चाललेलं. वाडीच्या तोंडाला गाड्या लागलेल्या. चुलता खुर्चीवर, त्याच्या मागं पोरं. पुतण्याही.
विष्णूनं सायकल खडकाला टेकवली. टोपी काढली, घातली, परत काढली.
"तू जा."
"इथवर आलास, आता चल."
"आप्पा, मी खाली गेलो आन् कुणी काय बोललं, तर दत्तानं कुणाची बाजू घ्यायची? मायचा दहावा हाय त्याच्या. आज न्हाई त्याला तसं उभं करायचं."
"मग आलास कावून?"
"तिच्यासाठी आलो." खडकावर बसला. "हितनं दिसतं की."
मी उतरलो. लोकांत जाऊन बसलो. कुणी विचारलं, वरून कसे आलात? म्हटलं, सवय आहे.
दत्ता डोकं भादरलेला, ओल्या धोतरात कुडकुडत होता. ओळखू येईना इतका लहान दिसला. पिंड ठेवला, मागं सरकला. सगळे कावळ्याची वाट बघत आभाळाकडं बघत होते. दत्ता टेकाडाकडं बघत होता. वर पांढरं काहीतरी होतं, हललं. त्यानं दोन्ही हात जोडले. तसेच जोडून उभा राहिला. चुलता म्हणाला, "कावळा इकडं हाय." दत्ता वळला नाही लगेच.
जेवायला थांबा म्हणाले. नाही थांबलो. दत्ताशी बोलणंही झालं नाही, त्याच्याभोवती माणसं होती.
वर आलो तर विष्णू तसाच बसलेला.
"हात जोडले त्यानं," म्हणाला. "कुणाला रं?"
"तुलाच."
"तुला काय माहीत? मायला जोडले असतील. सूर्याला."
मला खरंच माहीत नव्हतं.

२८ डिसेंबर, रविवार
विष्णू आला नाही. मीही गेलो नाही. दुपारभर झोपलो. सौ.नं ताप आहे का म्हणून कपाळाला हात लावून बघितला.

३ जानेवारी
दत्ता दुकानात आला. डोक्यावर केसांची खुंटं. बीपीच्या गोळ्या, नेहमीच्या. चुलता सोबत, काउंटरला टेकून उभा. मी गोळ्या काढल्या, पिशवीत घातल्या. विचारायचं होतं, हात कुणाला जोडले. चुलता माझ्याकडंच बघत होता.
पिशवी घेऊन दत्ता पायरी उतरला. चुलता गाडीकडं गेला तसा परत वर आला. काउंटरवर हात ठेवून हळूच म्हणाला,
"आप्पा, त्या दिवशी वर टेकाडावर ऊन व्हतं का रे लई?"
मला क्षणभर कळेना. मग म्हणालो, "झाड कुटं हाय तिथं."
"न्हाई," म्हणाला. "न्हाई झाड." मान हलवली आणि गेला.
संध्याकाळी विष्णूला फोन केला. तो रम्याच्या हाटेलात होता. दत्ता काय म्हणाला ते जसंच्या तसं सांगितलं. पुढं काही जोडलं नाही.
मागं कुणीतरी दोन भजी-पाव सांगत होतं. तेल चरचरत होतं.
"उद्या रविवार हाय," मी म्हणालो.
"हूं."
"फाट्यावर येतोस?"
रम्यानं त्याला हाक मारली. विष्णूनं ओ दिली नाही. फोनही ठेवला नाही. मीही कानाला लावून उभा राहिलो.