सरूच्या गिटारींची वाटणी

मी, इंदालेसियो रेचे मोलिना, वय वर्षे एक्कावन्न, व्यवसाय दगडकाम, हल्ली काहीच नाही, राहणार बेनाल्गार, प्रांत आल्मेरिया, माझ्या माघारी कोणाला काय द्यावे ते या कागदांवर लिहून ठेवीत आहे. कोणी सांगितले म्हणून लिहीत नाही, कोणाच्या धाकाने तर नाहीच. डोके ठिकाणावर आहे, फुप्फुसे नाहीत. याने काही बिघडते का, असे मी नोटरीबाईंना विचारले. त्या म्हणाल्या, "मृत्युपत्राला शुद्ध लागते, श्वास नाही लागत." मग चष्मा काढून बराच वेळ पुसत बसल्या.

सगळे स्वतःच्या हाताने लिहायचे असा नियम आहे. नाकात ऑक्सिजनची नळी असताना मान खाली घालून फार वेळ बसवत नाही, म्हणून अक्षर वेडेवाकडे आले आहे. वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही, तेव्हा रद्द करण्यासारखेही काही नाही.

कलम पहिले. देहाविषयी.

मला गावच्या दफनभूमीत वडिलांच्या शेजारी ठेवावे. कबरीवर संगमरवर चालेल. तो आमच्या डोंगरातला आहे आणि त्याने कोणाचे वाईट केलेले नाही. कारखान्यातला कृत्रिम दगड मात्र, फुकट मिळाला तरी, लावू नये.

कलम दुसरे. बँकेतील शिल्लक.

एन्कार्नाची. एन्कार्ना म्हणजे माझी बायको. याहून जास्त लिहिण्याइतकी ती शिल्लक नाही.

कलम तिसरे. हत्यारे.

रंधे, पटाश्या, कानशी, शिकंजे, सरस वितळवायचे भांडे आणि बाजूच्या फळ्या वाकवायची तापती नळी. यांना वारस नाही.

गिटारी बनवणे हा माझा धंदा नव्हता, नाद होता. तो सासऱ्यांच्या गिटारीपासून लागला. आमचे लग्न नुकतेच झाले होते. गिटार खुंटीवरून पडली आणि तिची पाठ उकलली. सासरे म्हणाले, टाकून द्या. मी आत डोकावलो. वरून एवढी नटलेली वस्तू, आणि आत काड्यांसारख्या पट्ट्या पंख्यासारख्या पसरलेल्या, त्यांच्यावर सगळा आवाज तोललेला. मी दिवसभर दगड उचलणारा माणूस. इतक्या पातळ फळीवर इतके काही उभे राहू शकते हे मला ठाऊक नव्हते. गिटार दुरुस्त केली. मग वाटले, एक आपणच करावी.

लाकूड सरूचे. दफनभूमीच्या कुंपणाची सरूची झाडे वाऱ्याने पडली होती, ती नगरपालिकेने जळणाला काढली, त्यातली मी मागून आणली. पहिली गिटार तयार झाली तेव्हा ती क्रिसान्तोच्या हातात दिली. क्रिसान्तो म्हणजे एन्कार्नाचा थोरला भाऊ, माझा मेहुणा, आणि त्याच्याही आधी माझा शाळेतला सोबती. आमच्या गावात त्याच्यासारखे वाजवणारा दुसरा नाही. त्याने दोन तारा छेडल्या आणि शांतपणे म्हणाला, "इंदा, यात बटाटे ठेव. चांगले टिकतील."

मी चिडलो नाही. वर्षानुवर्षे करतच राहिलो. रविवार आले की घरामागच्या खोलीत. एकही विकली नाही, मागेल त्याला दिली. विकली असती तर धंदा झाला असता, आणि धंदा मला दगडाचा होता.

ग्रानादाला गिटारकाम शिकवणारी एक शाळा आहे. हत्यारे त्यांना द्यावीत म्हणून मी फोन केला. पलीकडची मुलगी गोड बोलली, पण म्हणाली, "आजोबा, आमच्याकडे अशी दिलेली हत्यारं ठेवायलाही जागा नाही." मी आजोबा नाही, पण आवाजावरून तिला तसे वाटले असेल. बारवाला रोके म्हणतो, भिंतीवर टांगायला दे. त्याला देऊ नयेत. ज्याला हवीत त्याने न्यावीत, कोणी आले नाही तर गंजू द्यावीत.

कलम चौथे. मोठी गिटार, जी न्यायालयात नेली होती.

ही माझी नाही, क्रिसान्तोची आहे, म्हणून ती मला कोणाला देता येत नाही. फक्त ती आज माझ्या घरी का आहे, ते नोंदवून ठेवतो.

संगमरवराला भाव उरला नाही तेव्हा क्रिसान्तोने स्वयंपाकाच्या ओट्यांसाठी कृत्रिम दगड कापायचा कारखाना काढला. गावाला काम मिळाले. मीही त्याच्याकडे लागलो, पुढे मुलगा साउल माझ्याच टेबलावर लागला. दगड कोरडाच, पाणी न सोडता कापायचा. त्याची पांढरी पूड पापण्यांवर बसायची. एकदा मी क्रिसान्तोला म्हटले, ही धूळ फार होते आहे. तो म्हणाला, "अरे, पिठाच्या गिरणीत काय माणसं मरतात?" आणि सगळे हसले. मीही हसलो.

कारखान्यात नाकाला नुसता रुमाल बांधायचो. घरी शिसवी लाकूड घासले की माझे डोळे सुजत, अंगावर चट्टे उठत, म्हणून रविवारी गिटारीच्या खोलीत मात्र मी चांगला, गाळणीचा मास्क लावायचो. पुढे हे मी फुप्फुसांच्या डॉक्टरबाईंना सांगितले. त्या लिहायच्या थांबल्या.

आजाराचे नाव सिलिकोसिस. आम्ही कारखान्यावर दावा लावला. सुनावणीच्या दिवशी क्रिसान्तोचा वकील हातात एक पेटी घेऊन आला. त्याने ती टेबलावर ठेवून उघडली. आत मी पुढे क्रिसान्तोला भेट दिलेली गिटार होती. माझ्या हातून उतरलेली सर्वांत चांगली. तिच्यासारखी वाजणारी मला पुन्हा जमली नाही.

वकिलाने विचारले, "ही तुम्ही बनवलीत?"

"हो."

"फार सुंदर आहे."

"हो."

"अशा बऱ्याच बनवल्यात?"

"बनवल्या."

"बनवताना धूळ होते?"

"होते."

"बस. एवढंच विचारायचं होतं."

क्रिसान्तो पहिल्या रांगेत बसला होता. त्याने मान वर केली नाही. डॉक्टरबाईंनी सांगितले, की फुप्फुसात सापडले ते दगडाचे आहे, लाकडाने असे होत नाही. न्यायाधीश म्हणाले, दुसरा तज्ज्ञ नेमू. तो तज्ज्ञ अजून यायचा आहे. निकाल लागेल तेव्हा तो ऐकायला एन्कार्नाला एकटीला जावे लागेल.

गिटार त्या टेबलावरच राहिली. वकिलाला वाटले क्रिसान्तो नेईल, क्रिसान्तोला वाटले वकील नेईल. शेवटी कारकुनाने एन्कार्नाला बोलावून तिच्या हवाली केली.

त्या आठवड्यात क्रिसान्तो घरी आला. मी आतल्या खोलीत पडून होतो, दार एन्कार्नाने उघडले. ती आडवीच उभी राहिली.

ती म्हणाली, "मालकाला घरी ठेवून ये. मग भाऊ आला तर बघू."

"ते सगळं वकिलाचं डोकं, एन्कार्ना. मला तरी कुठे माहीत होतं तो काय करणार ते."

"गिटार तुझ्या घरातून गेली. ती काय चालत गेली?"

तो एक पायरी खाली उतरला. मग म्हणाला, "अगं, कारखाना बंद पडला तर निम्मं गाव उपाशी बसेल."

"बसू दे," ती म्हणाली. "श्वास घेत बसेल."

त्यानंतर तो आला नाही. आईबापांमागे तिला तो एकच भाऊ. ती कधी बोलत नाही, पण सणाच्या दिवशी एक ताट जास्त काढते आणि पुन्हा फडताळात ठेवते. मी पाहिले आहे.

तर ही गिटार क्रिसान्तोला पोचवावी. दिलेली वस्तू परत घेण्याची रीत आमच्या घरात नाही. तारा काढू नयेत. माझ्या अंत्यविधीला त्याने यावे की नाही ते त्याच्या बहिणीने ठरवावे. आला तर वाजवू नये.

कलम पाचवे. बाकीच्या गिटारी.

शिसवी पाठीची, नर्स दोलोरेस पार्दो यांना. त्यांना वाजवता येत नाही. पण एकदा माझा सिलिंडर बदलून झाल्यावर त्यांनी ती मांडीवर घेतली आणि एकच तार पुन्हा पुन्हा छेडत बसल्या. म्हणाल्या, "रोज एवढ्या घरांत जाते, सगळीकडे नुसती घरघर ऐकते." त्यांना ती तार असू द्यावी.

लहान गिटार, साउल शाळेत असताना त्याच्यासाठी केलेली. त्याने ती कधी वाजवली नाही, त्याला फुटबॉल हवा होता. ती त्याचीच.

सासऱ्यांची जुनी, एन्कार्नाची.

कलम सहावे. अर्धवट गिटार.

ही साउल आणि नोएलिया यांच्या लग्नासाठी सुरू केली होती. बाजू वाकवून झाल्या, आतल्या पट्ट्या चिकटवल्या, वरची फळी घासायची राहिली. डॉक्टरबाईंनी सांगितले, "आता कुठलीच धूळ नाही. लाकडाचीसुद्धा नाही. वचन द्या." मी दिले.

एन्कार्ना म्हणाली, "मी घासते. तू खिडकीतून सांग." ती माझा मास्क लावून अंगणात बसली, मी बंद काचेआड खुर्चीवर. मी बोटाने दाखवायचो, ती घासायची. थांबायची, फळी उजेडाकडे धरून माझ्याकडे बघायची. मी मान हलवायचो. दोन दुपारी छान गेल्या. इतक्या वर्षांत त्या कामात आम्ही दोघे एकत्र कधी बसलो नव्हतो. तिसऱ्या दुपारी तिचा हात एकाच जागी जास्त फिरला. मला काचेआडून दिसत होते. मी काचेवर टकटक करायला उठलो, पण उठेपर्यंतच दम लागला आणि पुन्हा खाली बसलो. फळीला आरपार भोक पडले.

तिने मास्क काढला. मग आत येऊन म्हणाली, "गेलं, इंदा."

मी म्हणालो, "जाऊ दे. ते लाकूड मुळातच पातळ होतं."

पातळ नव्हते. ही गिटार कोणी पूर्ण करू नये. जळणाला द्यावी, सरूचे लाकूड चांगले जळते.

कलम सातवे. घर.

हे कलम मी मंगळवारी एका तऱ्हेने लिहिले होते. ते आज खोडले आहे. त्यात असे होते, की साउलने दगडाचे काम कायमचे सोडले तरच एन्कार्नाच्या मागे घर त्याला मिळावे, एरवी नाही. नोटरीबाईंनी सांगितले होते, ही अट टिकणार नाही, मुलाचा हिस्सा कायद्यानेच ठरलेला आहे. तरी लिहिले आणि कागद जेवणाच्या टेबलावर, त्याच्या ताटाशेजारी ठेवला.

साउलने उभ्याउभ्याच वाचला. एन्कार्ना बाजारात गेली होती.

"बाबा, हे काय? मामाचं काम सोडलं तर घर?"

"हो."

"आणि हे चालतं म्हणे कायद्यात?"

"नाही चालत."

"मग कशाला लिहिलंत?"

"तू वाचावंस म्हणून."

तो हसला. हसता हसता खोकला. हसणे संपले तरी खोकला चालूच राहिला, खालच्या पट्टीतला, कोरडा. टेबलाला धरून तो थांबला. हा खोकला मला कोणी ओळखून द्यायला नको.

मी विचारले, "छातीचा फोटो काढलास?"

"काढला."

"कधी?"

"ईस्टरच्या आधी."

"मग?"

"वर, दोन्हीकडे. ठिपके आहेत. बारीक आहेत म्हणाले."

"आईला?"

"आईला नाही. नोएलियालाही नाही सांगितलं."

"सोड, साउल. उद्या जाऊच नकोस."

"सोडून काय होतंय?" तो खुर्ची ओढून माझ्यासमोर बसला. "तुम्ही सोडल्यावर थांबलं का?"

थांबले नव्हते. धूळ एकदा आत गेली की तिला आपली गरज राहत नाही.

तो म्हणाला, "आणि आत्ता बाहेर पडलो तर मामाचा वकील म्हणेल, गेला तेव्हा धडधाकट होता. निदान कामगार म्हणून नावनोंदणी तरी राहू दे." मग त्याने माझ्या नळीला पडलेला पीळ सोडवला, कारण ती मुडपली होती, आणि ताट वाढून घेतले. आम्ही जेवलो. मसुरीची आमटी होती. त्याने दोनदा घेतली.

म्हणून वरची अट खोडली आहे. खोडलेल्या ओळी माझ्याच हाताने खोडल्या आहेत, खाली सही त्यासाठीही आहे. या मृत्युपत्रात आता एकच अट राहिली. साउलने आपल्या आईला हे स्वतःच्या तोंडाने सांगावे, माझे दफन होण्याआधी, म्हणजे तिला ते या कागदातून कळणार नाही.

घर एन्कार्ना आणि साउल या दोघांचे. ते विकावे. माझ्या मरणासाठी थांबू नये, गिऱ्हाईक आजपासूनच बघावे. घर गावाच्या वरच्या अंगाला आहे. गाडी खालीच थांबते आणि तिथून दारापर्यंत पायऱ्या आहेत. सिलिंडर आणणारी धट्टीकट्टी माणसेही मध्येच टेकतात. त्याऐवजी खाली सपाटीवर, एकमजली, दारापर्यंत गाडी येईल असे घर घ्यावे. उंबरा नसला तर उत्तम. निजायची खोली रस्त्याच्या बाजूला असावी आणि तिचे दार सिलिंडर आत नेण्याइतके रुंद असावे. एन्कार्नाला अशा घराची गरज नाही, ती डोंगर चढून जाईल. साउलला लागेल.

एवढे लिहून मी थांबतो. वाचून पाहिले, माझ्या मनासारखे आहे असे म्हणवत नाही, पण माझे आहे. साक्षीदारांनी मजकूर वाचलेला नाही. मी त्यांच्यादेखत सही केली आणि त्यांनी माझ्यादेखत, एवढीच त्यांची साक्ष.

सही: इंदालेसियो रेचे मोलिना

साक्षीदार: रोके सेगुरा कानो, बारचालक, बेनाल्गार
साक्षीदार: मारिया दोलोरेस पार्दो, नर्स, आरोग्य केंद्र, बेनाल्गार

स्थळ: बेनाल्गार, प्रांत आल्मेरिया
दिनांक: १७ नोव्हेंबर २०२२