कुस्कोला मी जाणारच

जिब्रानभाई, सलाम.

पेरू देशातल्या कुस्कोच्या डोंगरांत विणकाम शिकायला माझी निवड झाली, हे ऐकून तू दुबईहून ओरडलास, "बाईमाणसाचं काम न्हाय ते! गेलीस तर भिवंडीतला कारखाना विकतो."

भाई, तिथे बारा हजार फुटांवरच्या गावांत बायकाच विणतात. मागाचं एक टोक खांबाला आणि दुसरं स्वतःच्या कमरेला बांधतात. लोकरही त्याच कातून रंगवतात.

अब्बा गेल्यावर चार वर्षं आपले लूम मीच चालवले. विक्रीला माझीही सही लागते, ती मी देणार नाही. मी परत येईपर्यंत अम्मी कारखाना बघेल.

एवढं लिहून तिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "त्याला समजावत काय बसलीस? बॅग भर."

म्हणून हे पाठवत नाही.

तुझी बहीण,
हफसा