कमलच्या फोनवर उघडला!

मंगळवार, दिवेलागण

आज भाजीत मीठ दोनदा पडलं असेल तर पडो. आमच्या मुग्धाने बनवलेला अक्षरांचा खेळ कमलच्या फोनवर उघडला!

मुग्धा, माझी नात, लहान होती तेव्हा कॉम्प्युटरवर असाच अक्षरं गिरवायचा खेळ होता. ती गिरवायची आणि मागे बसून मीही. माझी शाळा दुसरीतच सुटलेली, मी धड लिहायला शिकले ती तिथे. मग एक दिवस खेळाच्या जागी नुसता राखाडी चौकोन. त्याला म्हणे एका कंपनीचं प्लगिन, म्हणजे वेगळं टाकावं लागणारं सॉफ्टवेअर, लागायचं; ते कायमचं बंद झालं. नळ सगळ्यांचा आणि तोटी एकाच्या घरात, असंच ना ते?

मुग्धाने ऑफिस सांभाळून तो खेळ नव्याने लिहिला. म्हणाली, "आजी, आता खेळ लिहायची पद्धत सगळ्यांना खुली आहे, कुणा एका कंपनीची नाही. वेगळं काही टाकावं लागत नाही, कुठल्याही फोनवर चालेल." मी मनात म्हटलं, बघू.

भांड्यांना येणाऱ्या कमलला अंगठा उठवायची लाज वाटते, सही शिकायचीय. फोन जुना, काच तडकलेली. पुन्हा तो राखाडी चौकोन आला तर? पण नाही, 'क' उभा राहिला! माझ्या नातीने केलेला!

मी आपली सारखी, अगं असं वळव, तसं वळव. शेवटी कमल म्हणाली, "आजी, तुमचं झालंय ना शिकून? आता माझं मला लिहू द्या."